न दिसणाऱ्यांचा बाक

आमच्या घराच्या कोपऱ्यावरच्या बसथांब्यावर जो बाक आहे आणि त्या बाकामागे जी पाटी आहे, तिच्याबद्दल सध्या बरंच काही बोललं जातं. त्यातलं निम्मं खोटं आहे. उरलेलं निम्मं माझ्या हातून लिहिलं गेलं आहे, म्हणून म्हटलं, एकदा काय ते सविस्तर सांगून टाकावं. उगाच लोकांनी आपापल्या परीने मीठमसाला लावत बसायला नको.

मी बत्तीस वर्षं आवक-जावक कारकून होतो. म्हणजे कचेरीत येणारं प्रत्येक पत्र माझ्या हाताखालून आत जायचं आणि जाणारं प्रत्येक पत्र माझ्या हाताखालून बाहेर पडायचं. इतकी पत्रं वाचल्यावर दगडालासुद्धा अर्ज लिहिता येईल, आणि मी तर दगड नाही. (आमची ही या वाक्याशी सहमत नाही.) आजूबाजूच्या चार इमारतींत कोणाच्या नळाला पाणी नसो की दारातला दिवा गेलेला असो, अर्ज लिहायला लोक माझ्याकडे येतात. ‘मिळणेबाबत’, ‘होणेविषयी’, ‘कृपाभिलाषी’ हे शब्द माझ्या बोटांतून आपोआप झरतात.

तर, आमची ही. ही उंच, अंगाने भरलेली, गालांवर लाली असलेली बाई. तिच्या शेजारी उभा राहिलो की लोक मला ‘बरं नाही का?’ असं विचारतात. पण गेल्या थंडीत तिच्या कानाच्या आतल्या कुठल्याशा भागाने संप पुकारला. माणसाचा तोल कानात असतो, हे मला डॉक्टरांनी सांगेपर्यंत माहीत नव्हतं; मी समजत होतो की तो पायांत असतो, आणि काही जणांचा जिभेत. आता ती चालते, बोलते, स्वयंपाक करते, मला बोलते. फक्त पाच-सात मिनिटं एका जागी उभी राहिली, त्यात समोर दिवे लुकलुकायला लागले किंवा मोठा आवाज झाला, की तिच्या पायाखालची जमीन हलायला लागते. बाहेरून काही म्हणजे काही कळत नाही. गालांवरची लालीसुद्धा तशीच.

ही ग्रंथालयात फाटलेली पुस्तकं शिवते. सुईदोऱ्याने, पानं जुळवून, मागे कापडी पट्टी लावून. तीन महिने ती गेलेली नव्हती. ग्रंथपालबाईंनी निरोप पाठवला होता की येत्या एक तारखेपर्यंत आलात तर जागा तुमचीच, नाहीतर सगळी पुस्तकं यंत्रवाल्याकडे पिना मारायला द्यावी लागतील. पिना हा शब्द ऐकून हिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या आजारपणातसुद्धा मी ते कधी पाहिलेलं नाही.

आता अडचण होती ती ग्रंथालयाची नव्हे, बसचीही नव्हे. बसमध्ये बसून समोर बघत राहिलं की तिला काही होत नाही. अडचण होती थांब्याची. थांब्याचं नुकतंच सुशोभीकरण झालेलं. तिथला जुना लाकडी बाक काढून त्या जागी एक तिरपा लोखंडी नळा बसवला होता, ज्यावर म्हणे माणसाने ‘टेकायचं’. त्यावर टेकलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. घसरलेले तीन पाहिले. वर लुकलुकणारे निळे दिवे आणि खांबावर एक भोंगा, जो दर दोन मिनिटांनी काहीतरी ओरडायचा.

“मी पोचवतो ना स्कूटरवरून,” मी म्हणालो.

“तुमच्या स्कूटरवर मला कान चांगले होते तेव्हाही चक्कर यायची,” ही म्हणाली. “आणि टॅक्सीत तर दोन मिनिटांत मळमळतं. मला बसनेच जायचंय. एकटीने. मला पोचवायला मी काय पार्सल आहे?”

मग माझ्यातला कारकून जागा झाला. मी ठेवणीतलं पेन काढलं आणि लिहिलं : ‘विषय : बसथांब्यावर न दिसणाऱ्या अपंग व्यक्तींसाठी बाक मिळणेबाबत.’

हिने खांद्यावरून वाचलं. “अहो, यात न दिसणारं कोण आहे? अपंगत्व की माणूस?”

“ते संदर्भाने कळतं,” मी म्हणालो.

“विशेषण चुकीच्या जागी बसलंय. उचलून पुढे बसवा.”

बत्तीस वर्षांच्या सेवेनंतर माझं विशेषण उचलायला सांगणारी ही पहिलीच व्यक्ती. मी अर्जाची घडी घातली आणि बाहेर पडलो. तिथेच जर मी ते एक विशेषण उचललं असतं तर ही कथा इथे संपली असती, आणि तुमचाही वेळ वाचला असता.

वाहतूक कार्यालयातल्या साहेबांसमोर मी उभा राहिलो. ते फोनवर होते. मला बघून म्हणाले, “थांबा.”

“हो, त्याच्याचबद्दल आलोय,” मी म्हणालो.

साहेबांनी फोन ठेवून अर्ज वाचला. चांगला माणूस होता, फक्त प्रत्येक वाक्य दोनदा वाचायचा. “न दिसणाऱ्या व्यक्ती. म्हणजे ज्यांना दिसत नाही त्या.”

“नाही साहेब. ज्या दिसत नाहीत त्या.”

“ज्या दिसत नाहीत त्या थांब्यावर आहेत हे तुम्हाला कसं कळलं?”

“ते संदर्भाने कळतं,” मी इथेही म्हणालो. साहेबांनी माझी कीव येऊन समजूत काढली की वयपरत्वे शब्द इकडेतिकडे होतात, काळजी करू नका, आणि अर्जावर ‘अंध प्रवासी सुविधा’ असा शेरा मारला. मी तरीही म्हणालो की साहेब, एक तारखेच्या आत झालं तर फार उपकार होतील. आश्चर्य म्हणजे झालं. चौथ्याच दिवशी दोन माणसं शिडी घेऊन आली आणि थांब्याच्या छताला एक पेटी लावून गेली. गोदामात पडून होती म्हणे.

ती पेटी दर मिनिटाला म्हणायची, “सावधान! आपण बसथांब्यावर आहात.”

आमच्या गॅलरीत ऐकू यायचं. स्वयंपाकघरात ऐकू यायचं. न्हाणीघरात नळ सोडला तरी ऐकू यायचं. मी अंगाला साबण लावून उभा असताना एक बाई मला बजावायची की आपण बसथांब्यावर आहात, आणि खरं सांगतो, तिसऱ्या दिवशी मला तसं वाटायलाही लागलं. आधी हिला फक्त थांब्यावर भोवळ यायची, आता घरबसल्या यायला लागली. पहिल्या मजल्यावरचे लोक माझ्याशी बोलेनासे झाले. दुसऱ्या मजल्यावरचे बोलायचे, पण ते न बोलते तर बरं झालं असतं.

आमच्या भागात टेलिफोनवाले म्हणून एक गृहस्थ आहेत. जन्मापासून दिसत नाही. एका मोठ्या कंपनीत फोन जोडून देण्याचं काम करतात, आणि त्याच थांब्यावरून वीस वर्षं बस पकडतात. मी त्यांना गाठून मोठ्या आशेने विचारलं की निदान तुम्हाला तरी उपयोग होतोय ना?

“कसला?” ते म्हणाले. “मी थांब्यावर आहे हे मला माहीत असतं हो. मीच चालत येतो ना. समोर आलेली बस कितव्या नंबरची आहे, तेवढं कोणी सांगत नाही.”

म्हणजे एका दगडात मी दोन पक्षी उडवून लावले होते, आणि दगड माझ्याच डोक्यावर.

इथे वरच्या मजल्यावरचे मोजणीवाले या प्रकरणात शिरले. हे जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झाले आहेत आणि जिन्यातून उतरतानासुद्धा पायऱ्या मोजतात. ते म्हणाले, “तुमचं चुकलं कुठे सांगू? तुम्ही आकडा दिला नाहीत. सरकारला दुःख कळत नाही, आकडा कळतो. असे प्रवासी किती, ते मोजा.”

“पण ते दिसत नाहीत ना!”

“मग विचारा.”

दोन दिवसांनी सकाळी आम्ही दोघं वही-पेन्सिल घेऊन थांब्यावर उभे राहिलो. मी एका बाईंजवळ जाऊन अत्यंत अदबीने विचारलं, “माफ करा हं, तुम्हाला काही आहे का? म्हणजे, जे दिसत नाही असं?”

त्या बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी आपला पदर नीट केला आणि इतक्या मोठ्याने ओरडल्या की पेटीतली बाईसुद्धा एक ‘सावधान’ विसरली असावी. चार माणसं जमली. मी वही दाखवली, त्यात काहीच लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे संशय वाढला. शेवटी मोजणीवाल्यांनी आपलं जुनं सरकारी ओळखपत्र काढून दाखवलं आणि ‘जमीन मोजतोय’ असं सांगून वेळ मारून नेली. माझ्या आयुष्यात मला पहिल्यांदाच कोणीतरी लफंगा म्हणालं. तेही गल्लीतल्या इस्त्रीवाल्यासमोर, ज्याच्याकडे मी दर आठवड्याला मान ताठ ठेवून जातो.

पण खोटं कशाला बोलू, त्या सकाळपासून मला एक वेडच लागलं. विचारता येत नाही म्हटल्यावर मी बघायला लागलो. रोज सकाळी समोरच्या फुटपाथवर उभा राहून थांब्यावरची माणसं न्याहाळायची. ती तरुण मुलगी रोज तीन बसेस सोडून चौथीत का चढते? तो ऑफिसवाला दर थोड्या वेळाने घड्याळ न बघता नाडी का बघतो? आणि विजेच्या खांबाला चिकटून उभा राहणारा तो टोपीवाला? हा माणूस म्हणजे दरवाजाएवढा. भर उन्हात कानांवर लोकरी टोपी, हाताच्या मुठी आवळलेल्या, कोणाशी बोलणं नाही. मी त्याला खिसेकापू ठरवून टाकलं होतं आणि तिथून जाताना पाकिटावर हात ठेवायचो. एवढी वर्षं मी याच माणसांत उभा राहून बस पकडली, आणि प्रत्येकाच्या आत काय चाललंय याचा कधी विचारसुद्धा केला नव्हता. आता मात्र रात्रीच्या जेवणात माझं लक्ष नसायचं. “अगं, ती मुलगी आज पाचवीत चढली,” मी म्हणायचो. ही म्हणायची, “भाजी वाढू का?”

मोजणीवाल्यांनी मात्र काम सोडलं नव्हतं. त्यांनी आपल्या खिडकीतून एका तासात थांब्यावर आलेले लोक मोजले आणि तक्ता केला : एकूण प्रवासी एकेचाळीस, अपंगत्व दिसत असलेले शून्य. “बघा,” ते म्हणाले, “म्हणजे न दिसणारे किती झाले? एकेचाळीस!”

टेलिफोनवाले त्या दिवशी रजेवर होते, एवढाच त्या तक्त्यात दोष होता. मला हिशेबात काहीतरी गडबड वाटत होती, पण ती बोटाने दाखवता येईना.

तक्ता बघून साहेब एकदम सावरून बसले. चाळीसच्या वर आकडा गेला की प्रकरण मंजूर करता येतं, असा नियम निघाला. “फक्त एक करा,” ते म्हणाले, “हा नमुना भरून आणा. आणि अर्जदाराच्या कुटुंबातल्या लाभार्थीचा फोटो. अपंगत्व स्पष्ट दिसेल असा.”

“साहेब, ते दिसत नाही, हाच तर अर्ज आहे.”

“ते ठीक आहे. पण फोटोत दिसलं पाहिजे.”

मी हिला फोटोवाल्याकडे घेऊन गेलो. फोटोवाला म्हणजे कलावंत माणूस. त्याने हिला स्टुलावर बसवलं, दिवा डावीकडून मारला, उजवीकडून मारला, आणि हताश होऊन म्हणाला, “काकू, तुम्ही फारच छान दिसताय. जरा आजारी दिसा ना.”

“कशी?”

“म्हणजे मान थोडी टाका. डोळे अर्धे मिटा. गेलंच सगळं, असा चेहरा करा.”

मी मागून मदतीला धावलो. म्हटलं, “मी मागच्या वर्षी विम्याचा नमुना भरताना बसलो होतो ना, तसं बस.” आणि मी स्वतः तसा चेहरा करून दाखवला. हिला जे हसू फुटलं ते थांबेना. फोटोवाल्याने नेमकी तेव्हाच कळ दाबली. फोटोत एक तब्येतीने ठणठणीत बाई तोंडावर हात धरून हसते आहे, आणि मागे कोपऱ्यात मी मरायला टेकलोय.

परत येताना ती हसायची थांबली होती. घरी आल्यावर पाणी प्यायली आणि म्हणाली, “अहो, एक सांगू? रोज सकाळी मी भिंत धरून उठते. पाच मिनिटं पलंगावर बसून खोली थांबायची वाट बघते. मग केस विंचरते, धुतलेली साडी नेसते, आणि चारचौघींसारखी दिसते. याला मला तीन महिने लागले. आणि आज माझ्याच नवऱ्याने मला सांगितलं, आजारी दिस म्हणून.”

मला शरम वाटली, दुसरा शब्द नाही. खोली थांबायची वाट बघते, हे तिने मला या आधी कधी सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं. रस्त्यावरच्या परक्या बाईला विचारायला मी वही घेऊन गेलो होतो.

मग मी नमुन्यात दिव्यांचा आणि भोंग्याचा त्रासही लिहिला, तोच हसरा फोटो डकवला आणि खाली लिहिलं : ‘यात काही दिसत नाही, हे कृपया बघावे.’

साहेबांनी फोटो बराच वेळ पाहिला. एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा फोटोतल्या माझ्याकडे पाहिलं. मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. “अच्छा! म्हणजे अंध नव्हे. तुम्हाला ‘अदृश्य’ म्हणायचंय!”

“बरोब्बर!” मी आनंदाने टेबलावर हात आपटला. अदृश्य! काय भारदस्त शब्द. माझ्यासारख्याला तो आधी कसा सुचला नाही? साहेबांनी अर्जातल्या ‘न दिसणाऱ्या’वर काट मारून वर ‘अदृश्य’ लिहिलं आणि मी त्या दुरुस्तीवर मोठ्या झोकात सही ठोकली. ही सही पुढे मला अनेकांनी दाखवली.

सत्तावीस तारखेला काम झालं, आणि काम झालं ते झकास झालं, हे नाकारणार नाही. तिरपा नळा गेला. त्या जागी पाठ असलेला, हात असलेला लांबलचक लाकडी बाक आला. निळे दिवे जाऊन स्थिर पिवळा दिवा आला. भोंगा गेला, ‘सावधान’ पेटी गेली. तिच्या जागी एक छोटं बटण आलं. ते दाबलं की आलेल्या बसचा नंबर हळू आवाजात सांगायचं. ते टेलिफोनवाल्यांच्या अर्जामुळे. त्यांनी एकाच ओळीचा अर्ज केला होता : ‘बटण दाबल्यावर बसचा नंबर हळू आवाजात सांगणारं यंत्र हवं.’ ना विषय, ना संदर्भ, ना कृपाभिलाषी. असल्या अर्जावर काम होतं याचा मला आजही धक्का बसतो.

आणि बाकामागे पाटी आली. पांढऱ्यावर निळ्या, ठळक अक्षरांत :

‘हा बाक अदृश्य व्यक्तींसाठी राखीव आहे. इतरांनी बसू नये.’

पहिल्या दिवशी लोक हसले. दुसऱ्या दिवशी हसणं कमी झालं. तिसऱ्या दिवशी कोणी हसेना आणि कोणी बसेनाही. बाक रिकामा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं अंग चोरून उभी. एक म्हातारे गृहस्थ चुकून टेकले, मागची पाटी वाचली आणि चटकन उठून रिकाम्या बाकाला “माफ करा हं” म्हणाले. भाजीची पिशवी ठेवायला एका बाईंनी जागा बघितली, तर दुसऱ्या म्हणाल्या, “अहो, कोणाच्या मांडीवर ठेवताय?” इस्त्रीवाला मला विचारायला लागला, “साहेब, आत्ता किती जण बसलेत?” मी मान खाली घालून शर्ट घ्यायचो. शेवटी एका विशेषणाने बत्तीस वर्षांची अब्रू घालवली.

मी हिला गॅलरीतून पाटी वाचून दाखवली. वाटलं, आता ‘मी सांगितलं होतं’ येणार. ती गजाला धरून हसली, डोळे पुसले, आणि एवढंच म्हणाली, “परवा एक तारीख. मी जाणार. आणि तुम्ही यायचं नाही.”

मी गेलो नाही. मी फक्त वर्तमानपत्र आणायला खाली उतरलो, आणि ते वाचायला थांब्यापासून दहा पावलांवर, पत्रपेटीच्या आड उभा राहिलो. याला जाणं म्हणत नाहीत.

ही थांब्यावर पोचली. बाक रिकामा, भोवती दहा-बारा माणसं. ती सगळ्यांबरोबर उभी राहिली. कदाचित लगेच बस येईल, असं तिला वाटलं असावं. एक मिनिट गेलं, तीन गेली. मग तिचा अंगठा पर्सच्या पट्ट्यावर घासायला लागला. जमीन हलायला लागली की तिचं एवढंच होतं. हे जगात मला एकट्याला माहीत आहे. माझ्या हातातलं वर्तमानपत्र चुरगळलं. मी एक पाऊल पुढे टाकलं, तेवढ्यात ती वळली आणि सरळ जाऊन बाकावर बसली.

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. छत्रीवाले एक कडक गृहस्थ पुढे आले; रांग मोडणाऱ्यांना शिस्त लावणारा असा एक माणूस प्रत्येक थांब्यावर असतोच. “बाई, पाटी वाचलीत का?”

“वाचली. आमच्या घरूनच आलीय ती.”

“अहो, पण हा अदृश्य लोकांसाठी आहे. तुम्ही तर चांगल्या धडधाकट दिसताय.”

“दिसते ना?” ही म्हणाली. तिचा आवाज थोडा कापत होता, पण ती थांबली नाही. “माझ्या कानात बिघाड आहे. उभी राहिले की पायाखालची जमीन हलते. तुम्हाला ती हललेली दिसत नाही, मला दिसते. अर्ज लिहिणाऱ्याचा एक शब्द इकडचा तिकडे झालाय, पण बाक त्यासाठीच आहे.”

छत्रीवाल्यांनी पाटी पुन्हा एकदा वाचली. आणि तेवढ्यात खांबाजवळचा टोपीवाला हलला. दरवाजाएवढा तो माणूस हिच्याकडे चालत निघाला आणि मी आणखी एक पाऊल पुढे टाकलं.

“ताई,” तो इतक्या हळू म्हणाला की मला कान टवकारावे लागले, “मी बसलो तर चालेल का? माझंही दिसत नाही.”

“बसा की.” हिने पर्स मांडीवर घेतली.

तो बसला. मुठी उघडल्या, गुडघ्यांवर हात ठेवले. “आवाज वाढला, गर्दी झाली की माझा श्वास अडकतो. चार वर्षं त्या खांबाला धरून उभा राहतोय. लोकांना वाटतं हा मारामारी करायला आलाय. पाटी लागल्यापासून रोज वाचतोय, पण आधी कोण बसणार?”

मी पाकिटावरचा हात काढला. तो तिथे कधी गेला होता मला माहीत नाही.

छत्रीवाले काही वेळ छत्रीच्या टोकाने फरशी उकरत राहिले. मग हळूच बाकाच्या टोकाला टेकले. “गुडघा,” ते समोर बघत म्हणाले. “पण घरी कोणाला सांगितलेलं नाही.”

“आम्हीही नाही सांगणार,” ही म्हणाली.

बस आली. टेलिफोनवाल्यांनी बटण दाबलं, यंत्राने हळूच नंबर सांगितला. ही बाकाच्या हाताला धरून उठली, दोन क्षण थांबली, आणि चढली. खिडकीशी जागा मिळाली तिला. माझ्या दिशेने बघितलंसुद्धा नाही, आणि खरं सांगायचं तर मला त्याचं जरा वाईट वाटलं. बस वळणावरून दिसेनाशी झाली.

मग माझ्या लक्षात आलं की मी पत्रपेटीच्या आडून बाहेर येऊन थांब्याच्या मधोमध उभा आहे आणि माझे हात थरथरताहेत.

“काका, तुम्हाला काय होतंय?” टोपीवाल्याने विचारलं.

“मला? काही नाही. मी ठणठणीत आहे.”

“मग कापताय का?”

“ती गेली ना आत्ता, ती… माझी बायको. तीन महिन्यांनी एकटी चाललीय. दोन थांब्यांनंतर मोठा चौक आहे. तिथे गाडी जोरात वळते. उतरताना पायरी उंच आहे. कोणी ढकललं तर…” मी बोलत सुटलो. बत्तीस वर्षांत मी इतका मुद्दा सोडून कधी बोललो नव्हतो.

“बसा,” तो म्हणाला.

“पण हे पाटीत बसतं का?”

त्याने मागे वळून पाटी वाचली. “काळजी दिसते का कोणाला? मग बसतं.”

छत्रीवाले सरकले. मी बसलो. बाक खरोखरच चांगला होता, पाठीला नीट लागत होता. आम्ही तिघं समोर बघत बसलो. मी फोन हातात धरून ठेवला होता. टोपीवाल्याने विचारलं की ताई काय काम करतात, मी पुस्तकं शिवण्याबद्दल सांगितलं. छत्रीवाले म्हणाले, पिना फार वाईट, गंजतात. मधूनच यंत्र हळू आवाजात कुठलातरी नंबर सांगायचं, माणसं चढायची, उतरायची. माझं तिकडे लक्ष नव्हतं.

पंचवीस मिनिटांनी फोन वाजला.

“पोचले,” ही म्हणाली. “आता सारखे फोन करू नका, हातात सुई आहे.” आणि ठेवला.

“पोचली,” मी म्हणालो.

“पोचली का? छान झालं,” छत्रीवाले म्हणाले. टोपीवाल्याने मोठा श्वास सोडला, कपाळावरची टोपी मागे सारली, आणि उठून रस्त्याच्या टोकाला बघायला लागला. छत्रीवालेही गुडघा सांभाळत उठले आणि शेजारच्या माणसाला विचारू लागले की पुढची बस आता किती वाजता. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं, की त्या पंचवीस मिनिटांत त्या दोघांच्याही बसेस येऊन निघून गेल्या होत्या.